नलूआत्याची नोटशीट

एंटरचं बटण दाबायच्या आधी लेखी परवानगी घेणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी दर सोमवारी पाहते. आमच्या शेजारीच राहते, आणि परवानगी माझ्याकडेच मागते.

होतं असं की सोमवारी संध्याकाळी मी भोपाळच्या एम. पी. नगरमधल्या ऑफिसातून इंद्रपुरीला घरी येते. चप्पल काढायच्या आत भिंतीपलीकडून हाक येते, "मीने, नस्ती पुटअप केली आहे गं!" नस्ती म्हणजे फाइल. इथल्या सरकारी हिंदीत फाइलीला नस्ती म्हणतात, आणि नलूआत्या एकदा सरकारी नोकरीत शिरली ती मनाने अजून बाहेर पडलेली नाही. मी जाते. टेबलावर लॅपटॉप उघडा. काळ्या खिडकीत एक कमांड टाइप करून तयार, पुढे कर्सर लुकलुकतोय. शेजारी पुठ्ठ्याची नस्ती, तिच्यात टॅगने ओवलेले नोटशीटचे हिरवे कागद, आणि वरच्या कागदावर सुरेख अक्षरात लिहिलेलं: 'विषय: बडे बाबूंना अद्ययावत करणेबाबत. मागील अद्ययावतीकरणास सात दिवस पूर्ण झाले आहेत. प्रस्ताव अवलोकनार्थ व आदेशार्थ सादर.' खाली उजवीकडे माझ्या सहीसाठी जागा.

मी लिहायचं, 'यथाप्रस्तावित, अनुमोदित.' सही करायची, तारीख घालायची. मग नलूआत्या चष्मा वर सरकवणार, पदराला बोट पुसणार आणि एंटर दाबणार. दोन सेकंदांत उत्तर येतं की सगळं आधीच अद्ययावत आहे, करण्यासारखं काही नाही. नलूआत्या नस्तीत लिहिते, 'निरंक.' झालं सोमवारचं काम.

एकदा कंटाळून मी आमच्या ओट्यावरूनच ओरडले, "अगं दाब ना आत्या, माझी हो आहे!"

"तोंडी आदेश?" ती पलीकडून म्हणाली. "तोंडी आदेशावर काम करत गेले असते ना मीने, तर आज पेन्शन नसती, जेलात पोळ्या लाटत असते. इकडे ये आणि सही कर."

नलूआत्या म्हणजे नलिनी हरकरे. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी बाबू बायकामुलं आणि पाटावरवंटा घेऊन इकडे आले, त्यांत तिचे वडील होते. पुढे तीही सचिवालयात लागली, अभिलेखागारात. म्हणजे जिथे जुन्या फाइली लाल कपड्याच्या बस्त्यांत बांधून ठेवतात तिथे. सगळी नोकरी तिने तिथेच काढली. तिचं एकच तत्त्व, ते ती भाजीवाल्यापासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवते: "जुनं फेकायचं नसतं. बांधून ठेवायचं आणि चिठ्ठी लावायची." ती माझी सख्खी आत्या नव्हे. तिचे थोरले भाऊ बापूकाका आणि माझे बाबा इथल्या मोठ्या कारखान्यात एकाच खात्यात होते, म्हणून काका नि आत्या. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आणि एक कढीपत्ता आहे. कढीपत्ता नक्की कुणाच्या हद्दीत आहे याची वेगळी नस्ती आहे.

आता हे बडे बाबू कोण, ते सांगायचं तर बापूकाकांपासून सुरुवात करायला हवी.

भाऊ-बहीण दोघांनीही लग्न केलं नाही. का, हे विचारायची आमच्या कॉलनीत कुणाची छाती झाली नाही. दोघं एका छपराखाली सुखाने भांडत राहिले. वरणात गूळ किती यावरून भांडण, पेपरचं पहिलं पान आधी कुणी वाचायचं यावरून भांडण, पंखा दोनवर की तीनवर यावरून भांडण. पण संध्याकाळी चार वाजले की दोघं मुकाट्याने टेबलाशी बसायचे, मधे चिवड्याची ताटली, आणि पत्ते वाटले जायचे. बदाम सात. दोघांतच, सव्वीस-सव्वीस पत्ते. आणि मग सगळ्यात मोठं भांडण तिथे व्हायचं.

"नले, पिसताना तू चलाखी करतेस!"

"मी? बाप्पा! सत्त्या सगळ्या तुझ्याकडे कशा जाऊन राहिल्या मग?"

आमच्या स्वयंपाकघरात हे स्पष्ट ऐकू यायचं. आईला घड्याळ बघावं लागत नसे.

निवृत्त झाल्यावर बापूकाकांनी काय करावं? एम. पी. नगरातल्या एका कोचिंग क्लासात नाव घातलं. प्रोग्रामिंग शिकायला. अठरा-अठरा वर्षांची पोरं आणि मधे हे, खिशाला चार पेनं लावून. पोरं त्यांना दादाजी म्हणायची. शंका एवढ्या विचारायचे की पुढे पुढे ते वर्गात दिसले की सर आधी पाणी पिऊन घ्यायचे. सहा महिन्यांनी त्यांनी बहिणीला जाहीर केलं, "यापुढे पत्ते कंप्यूटर पिसेल. निष्पक्ष." आणि खरंच, त्यांनी बदाम सात लिहिला होता. चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, इंग्रजी लिपीत मराठी. कंप्यूटर पत्ते वाटायचा, हे दोघं आळीपाळीने टाइप करायचे. भांडणाचं एक कारण कमी झालं म्हणून दोघं थोडे दिवस हिरमुसलेही.

मग बापूकाकांच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आठ-आठ दिवस तिकडेच राहावं लागायचं. तेव्हा त्यांनी त्या खेळात बदल केला आणि त्यात स्वतःला घातलं. म्हणजे समोरचा खेळाडू कंप्यूटर, पण नाव 'बापू'. बोलायचाही तसाच. 'नले, विचार कर.' 'नले, घाई कुठे आहे?' ती जिंकली की 'पिसण्यात गडबड.' ते गेले त्याला आता चार वर्षं होतील. चार वाजताचा डाव काही थांबला नाही.

ते गेल्यावर आम्हाला सगळ्यांना नलूआत्याची काळजी वाटत होती. तिच्या नागपूरच्या लांबच्या भाच्याने तिकडे चल म्हणून किती आग्रह केला. ती म्हणाली, "चार वाजता मला काम असतं." भाच्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मला काम कुठलं ते माहीत होतं, म्हणून मी गप्प बसले.

मागच्या उन्हाळ्यात बापूकाकांचा जुना कंप्यूटर एका दुपारी धूर सोडून कायमचा बंद पडला. आतला मजकूर मी वाचवला, आत्यासाठी नवा लॅपटॉप आणला, बदाम सात त्यात घातला आणि ऐटीत चालू केला. पडद्यावर लाल अक्षरांत दोन ओळी आल्या आणि खेळ बंद.

मी तिला समजावलं, "आत्या, हा खेळ ज्या भाषेत लिहिलाय ना, त्या भाषेची आता नवी आवृत्ती आली आहे. काकांचं लिखाण नवीला कळत नाही. आणि जुनी आवृत्ती बनवणाऱ्यांनीच निवृत्त करून टाकली."

"निवृत्त केली म्हणजे काय मेली का?" ती उसळली. "मी पण निवृत्तच आहे."

मग मी सांगितलं की एक उपाय आहे. एक छोटं साधन असतं, व्हर्जन मॅनेजर म्हणतात त्याला. काळ्या खिडकीत कमांड देऊन चालवायचं. ते एकाच मशीनवर नव्या-जुन्या सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवतं. एखाद्या फोल्डरला चिठ्ठी लावून सांगायचं की इथे जुनीच वापरायची, बाकी सगळीकडे नवी चालू दे.

नलूआत्या माझ्याकडे बघतच राहिली. चेहऱ्यावर असा आनंद की मला वाटलं मी काही भलतंच बोलून बसले.

"अगं माय," ती म्हणाली, "हे तर अभिलेखागार आहे! बस्ते बांधलेले, बस्त्याला चिठ्ठी, आणि मागितली ती नस्ती काढून देणारा बाबू आतच बसलेला."

तेव्हापासून त्या साधनाचं नाव बडे बाबू. ते मशीनवर बसवायला आम्हाला दोन दिवस लागले. बसवलं दहा मिनिटांत, पण जुनी आवृत्ती आणायला वेळ गेला. ती तयार मिळत नाही, मशीनवरच घडवावी लागते, आणि तिच्या जोडीचे सुटे भागही जुनेच लागतात. मी काहीतरी खटपट करत होते, चुकत होते, पुन्हा करत होते. शेजारी नलूआत्या हिरव्या कागदावर प्रत्येक कमांड उतरवून घेत होती, स्पेस आली की 'येथे जागा सोडावी' असं लिहून. मी हसले. म्हटलं, "आत्या, हे सगळं नेटवर असतं गं."

"असेल," ती म्हणाली, "पण नेटवर तुझी सही नाही ना?"

पुढे मी तिला सांगून बसले की बडे बाबूंनाही अधूनमधून अपडेट करावं लागतं, नाहीतर नव्या आवृत्त्यांची यादी त्यांच्याकडे येत नाही. "म्हणजे बाबूला ट्रेनिंगला पाठवायचं," तिला लगेच कळलं. तिथून ते सोमवारचं लफडं सुरू झालं. 'सक्षम अधिकारी' म्हणून माझी नेमणूक झाली. मला विचारलं नाही.

आवृत्त्यांचं हे खूळ मग तिच्या स्वयंपाकघरातही शिरलं. बरणीवर चिठ्ठी: 'कैरी लोणचं, आवृत्ती ३, स्थिर.' शेजारच्या बरणीवर: 'आवृत्ती २, मीठ जास्त, संदर्भासाठी ठेवली.' माझ्या नवऱ्याला एकदा भरली वांगी वाढली आणि तो म्हणाला, आत्या, नेहमीसारखी नाही लागली. ती शांतपणे म्हणाली, "प्रायोगिक आहेत, जावईबापू. पुढच्या वेळी मागच्या आवृत्तीवर जाऊ." बिचारा दुसऱ्या वांग्याला हात लावायला घाबरला.

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना मी घोळ केला.

शनिवार होता. नलूआत्या अरेरा कॉलनीत भजनाला गेली होती. जाताना किल्ली आमच्याकडे देऊन म्हणाली, "लॅपटॉपचं जरा पाहून ठेव, हळू चालून राहिला आहे." मी उघडला. म्हटलं आलोच आहोत तर बडे बाबूंचं अपडेटही उरकून टाकू. कुठे ती नोटशीट, कुठे ती सही! आणि नेमकं त्या दिवशी निरंक नव्हतं, मोठं अपडेट आलं होतं. ते झालं. मग जागा मोकळी करावी म्हणून सफाईची कमांड दिली. बाबूंनी विचारलं, वापरात नसलेल्या जुन्या आवृत्त्या काढू का? ऑफिसात हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो आणि मी न वाचता हो म्हणते. इथेही बोट आपसूक गेलं. हो.

चारला नलूआत्या परतली. चहा टाकला, चिवडा काढला, टेबलाशी बसली. मी दारातच होते, कौतुक ऐकायला. मशीन आता कसं पळतंय बघ, असं मला म्हणायचं होतं.

तिने कमांड टाइप केली. थांबली. पुन्हा टाइप केली. मग म्हणाली, "मीने, बडे बाबू म्हणून राहिले की ही आवृत्ती उपलब्ध नाही."

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. मी तिला सांगितलं, सगळं, आपण होऊन. वाटलं, आता फैलावर घेईल. तिने घेतलं नाही. लॅपटॉप मिटला, त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलं आणि म्हणाली, "राहू दे आज." चहा तसाच ठेवून ती तुळशीला पाणी घालायला गेली. सकाळीच घातलेलं होतं. मला फार वाईट वाटलं. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढीपत्त्याच्या फांदीला टाचणीने एक हिरवा कागद लावलेला होता. कारण बताओ नोटिस. 'आपण सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी अनुमतीशिवाय अभिलेख नष्ट केल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत खुलासा सादर करावा.' मी वाचली आणि डोक्याला हात लावला. सक्षम अधिकारी मीच होते. मी माझीच परवानगी घेतली नव्हती. आई म्हणाली, "चांगलं झालं. नोटिस आली म्हणजे ती जरा सावरली."

रविवारभर मी तिचा लॅपटॉप घेऊन बसले. जुनी आवृत्ती पुन्हा घडवायला सांगितली की मशीन अर्धा तास घरघरायचं, ओळींमागून ओळी धावायच्या, आणि शेवटी लाल अक्षरं. जोडीचा भाग नवा आहे, जुळत नाही. मागच्या वेळी मी काय खटपट केली होती ते काही केल्या आठवेना. नेटवर शोधलं तर जगभरची माणसं माझ्यासारखीच रडत होती, प्रत्येकाला कुणीतरी वेगळाच उपाय सांगत होतं. सगळे करून पाहिले. सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हेच. सोमवारी संध्याकाळी पहिल्यांदाच हाक आली नाही. चार वाजता पलीकडे काय होत होतं ते आईने सांगितलं. काहीच नाही. दार लावून बसली होती.

शेवटी मी वेगळा विचार केला. जुनी आवृत्ती नकोच, काकांचा प्रोग्रामच नव्या भाषेत बदलून टाकू, तासाभराचं काम. म्हणून मी तो उघडला आणि पहिल्यांदाच नीट वाचला.

काय सांगू! अगदी बापूकाका. प्रत्येक पायरीला शेजारी टीप. 'इथे घाई करू नये.' 'सरांनी वेगळं सांगितलं होतं पण सरांचं चूक आहे.' वाचता वाचता मी एका जागी थांबले. तिथे प्रोग्राम मोजत होता की नलू सलग किती डाव हरली. दोन हरली असेल, तर तिसऱ्या डावात बापूने हातात चालणारा पत्ता असूनही मधूनमधून 'पास' म्हणायचं. म्हणजे मुद्दाम हरायचं. शेजारी टीप होती: 'तीनदा हरली तर रात्री जेवत नाही.'

चार वर्षं ही बाई दोन डाव हरून तिसरा जिंकली की भिंतीपलीकडून ओरडते, "हरवलं बापूला!" आणि तिला हे ठाऊकच नाही. मी ठरवलं, जीव गेला तरी सांगायचं नाही.

मंगळवारी मी अर्धी रजा घेतली आणि दुपारी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेले. खुलासा लेखी नेला होता, चूक कबूल, क्षमा असावी वगैरे. तिने वाचला, बाजूला ठेवला. मग मी नव्या भाषेत बदल करायचा प्रस्ताव मांडला. म्हटलं, खेळ तोच राहील, तुला फरकही कळणार नाही.

"बापूच्या मसुद्यात दुरुस्ती?" ती म्हणाली. "कुणाच्या आदेशाने?"

"अगं, पण जुनी आवृत्ती होतच नाहीये. दोन दिवस झाले. मागच्या वेळी कशी झाली होती देव जाणे!"

"देव कशाला?" नलूआत्या म्हणाली. "टीप क्रमांक सात."

ती आत गेली आणि नस्ती घेऊन आली. टॅग सोडून पानं उलटली आणि माझ्यापुढे ठेवली. सगळं होतं. कुठला जुना सुटा भाग आधी आणायचा, कुठल्या जागी ठेवायचा, बडे बाबूंना तो कसा दाखवायचा. माझ्या चुकासुद्धा होत्या: 'मीनल यांनी येथे कपाळावर हात मारला. पुढील ओळ बरोबर आहे.' आणि प्रत्येक पानाखाली माझी सही.

"अगं बाई! मग दोन दिवस तू बोलली काऊन नाहीस?"

"नोटिसचा खुलासा आल्याशिवाय कागद कसे दाखवणार?" ती म्हणाली. "आणि तू विचारलं कुठे? तू हसली होतीस ना."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी लॅपटॉप उघडून बसले. ती वाचत गेली, "येथे जागा सोडावी," मी टाइप करत गेले. प्रत्येक एंटरच्या आधी सही झाली, या वेळी मी स्वतः मागून केली. मशीन घरघरलं. पंचवीस मिनिटं आम्ही दोघी पडद्याकडे डोळे लावून बसलो. लाल अक्षरं आली नाहीत. फोल्डरला चिठ्ठी लावली, आणि चारला पाच मिनिटं असताना काळ्या खिडकीत पांढरं उमटलं: 'नले, बस. पत्ते वाटतो.'

नलूआत्याने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच माझ्यावर ओरडली, "चहा टाक! बघत काय बसलीस?"

मी चहा केला, तिच्या शेजारी बसले. पहिला डाव ती हरली. दुसराही हरली, बापूने इस्पिकची छक्की शेवटपर्यंत दाबून धरली. तिसऱ्यात मी खुर्ची पडद्याजवळ सरकवली. चौथ्या-पाचव्या खेळीला पडद्यावर आलं, 'बापू: पास.' मग आणखी एकदा, 'बापू: पास.' नलूआत्याने एकामागून एक पत्ते उतरवले, शेवटची किलवरची राणी टाकली आणि टेबलावर थाप मारली. "हरवलं बापूला!" आमच्या स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आलं का गं चालू?" मी हसत होते, आणि मनातलं गुपित अगदी घट्ट धरून बसले होते.

"मी चिवडा आणते," नलूआत्या उठली. "तू तेवढी नस्ती लावून ठेव. पानं क्रमाने घाल, आणि मागे एका पानावर सही राहिली आहे, ती कर."

मी पानं जुळवू लागले. सही नसलेलं पान सापडलं. ते इतर पानांसारखं हिरवं नव्हतं, जुनं, पिवळं पडलेलं होतं. तारीख पाहिली. बापूकाका गेले त्यानंतरच्या महिन्यातली. माझी नेमणूक व्हायच्या कितीतरी आधीची.

'विषय: बदाम सात, तिसऱ्या डावाबाबत. निदर्शनास आले की सलग दोन डाव मी हरल्यास तिसऱ्या डावात बापू पत्ता असूनही पास म्हणतो. पत्ते बावन्न, सव्वीस माझ्या हातात. उरलेले कुणाकडे आहेत हे समजायला कंप्यूटर लागत नाही. लहानपणापासून त्याची हीच पद्धत आहे. त्याला वाटते मला कळत नाही. तसेच वाटू द्यावे. कार्यवाही अपेक्षित नाही. नस्तीबद्ध.'

खाली उजवीकडे सहीची जागा चार वर्षं रिकामी होती. मला अक्षरं नीट दिसेनात. मी पेन काढलं, 'यथाप्रस्तावित, अनुमोदित' लिहिलं, सही केली आणि आजची तारीख घातली.

"झाली का गं सही?" आतून आवाज आला.

"झाली."

"मग सरक. बापूने पत्ते वाटले आहेत."